ब्रेन एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ‘हायपरइंटेन्स’ लिहिलंय? मग हे एकेक करून बघा

एमआरआय झाला, संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्टची पीडीएफ आली आणि त्यात ‘मल्टिपल टी-टू फ्लेअर हायपरइंटेन्स फोकाय’ असं काहीतरी लिहिलंय. डॉक्टरची अपॉइंटमेंट परवाची. मधल्या वेळात घरातलं कोणीतरी गुगल उघडून बसतं आणि रात्री दोनपर्यंत ट्यूमरपासून डिमेन्शियापर्यंत सगळं वाचून काढतं, मग सकाळी कोणाच्या तोंडात घास जात नाही. हे ज्यांच्या घरी आत्ता चाललंय त्यांच्यासाठी लिहितेय. आम्ही ठाण्यात पाचपाखाडीला राहतो, माझ्या आईचा एमआरआय चक्कर येते म्हणून केला होता आणि तिच्या रिपोर्टात हेच शब्द होते. मी डॉक्टर नाही, पण रिपोर्ट, फिल्म, न्यूरॉलॉजिस्ट, पुढच्या टेस्ट हे सगळं केलंय आणि प्रत्येक ठिकाणी प्रश्न विचारून विचारून समजून घेतलंय.

आधी मुद्द्याचं. पावसाळ्यात भिंतीला ओल येते, ओल बघून पाणी आलंय एवढं कळतं, पण ते गच्चीतून आलंय, वरच्यांच्या बाथरूममधून की आतल्या पाईपातून, हे ओल सांगत नाही. ‘टी-टू फ्लेअर हायपरइंटेन्स’ म्हणजे त्या इमेजवरचा पांढरा डाग, त्याचंही तसंच आहे. तिथल्या टिश्यूत पाण्याचं प्रमाण नेहमीपेक्षा जास्त आहे एवढंच तो सांगतो. का जास्त आहे, हे ठरवायला डाग कुठे आहे, कसा आहे, बाकीच्या इमेजमध्ये तिथे काय दिसतंय, पेशंटचं वय काय आणि त्रास काय, हे सगळं एकत्र बघावं लागतं.

१. सगळ्यात आधी: थांबण्यासारखं आहे की आत्ताच निघायचंय

तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात किंवा पाय अचानक लुळा पडला, बोलणं अडखळायला लागलं, एका डोळ्याचं दिसणं अचानक गेलं, कधी नव्हे इतकं भयंकर डोकं दुखायला लागलं, फिट आली, किंवा माणूस गुंगीत जायला लागला, तर हा लेख बाजूला ठेवा आणि निघा. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने जा. रक्ताची गुठळी अडकून स्ट्रोक आला असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा सुरुवातीच्या साडेचार तासांत देतात, आणि ते तास लक्षणं सुरू झाल्यापासून मोजतात. पेशंट झोपेतून उठतानाच तसा उठला असेल तर शेवटचा नीट कधी होता ती वेळ विचारतात, म्हणून ती वेळ लक्षात ठेवा. मोठी नस बंद असेल तर काही पेशंटमध्ये नळी घालून गुठळी काढतात, तिथे २४ तासांपर्यंतही विचार होतो, पण ते ठरवायचं काम डॉक्टरांचं, आपलं काम लवकर पोचायचं.

ठाणेकरांना एक कळकळीने सांगते. ‘आमचे डॉक्टर मुंबईत आहेत, तिकडेच नेतो’ असं अशा वेळी करू नका. घोडबंदर रोडला किंवा माजिवड्याला संध्याकाळी अडकलात की काय होतं ते तुम्हाला माहितीये. आपल्या घराजवळ रात्री-बेरात्री सीटी स्कॅन चालू असतो आणि स्ट्रोकचा पेशंट घेतात असं हॉस्पिटल कुठलं, हे आजच फोन करून विचारून ठेवा आणि नंबर फ्रिजवर चिकटवा. नवी मुंबईवाल्यांनीही हेच करा.

रिपोर्ट हातात असेल तर त्यातही काही शब्द असे आहेत की ते दिसले तर परवापर्यंत थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरला फोन करायचा. रिस्ट्रिक्टेड डिफ्यूजन, ॲक्यूट इन्फार्क्ट, हेमरेज, मास इफेक्ट, मिडलाइन शिफ्ट, हायड्रोसिफॅलस, व्हीनस थ्रॉम्बोसिस, रिंग एन्हान्सिंग, व्हॅसोजेनिक एडिमा. यांच्या आधी ‘नो’ किंवा ‘नो एव्हिडन्स ऑफ’ लिहिलंय का ते नीट बघा, कारण बहुतेक रिपोर्टमध्ये हे शब्द ‘नाही’ असं सांगण्यासाठीच लिहिलेले असतात आणि घाबरलेला माणूस नेमका तो ‘नो’ वाचत नाही.

२. एमआरआय अजून व्हायचा असेल तर काय काय घेऊन जायचं

– डॉक्टरची चिठ्ठी, आणि त्यावर नुसतं ‘चक्कर’ किंवा ‘डोकेदुखी’ न लिहिता किती दिवसांपासून, कुठल्या बाजूला, कशाने वाढतं हे लिहिलेलं असेल तर उत्तम
– आधी कधी एमआरआय किंवा सीटी झाला असेल तर रिपोर्टसोबत त्याची सीडी किंवा फिल्म
– चालू औषधांची यादी, बीपी-शुगर-थायरॉइड काय काय आहे ते
– कॉन्ट्रास्ट (डाग उठून दिसावेत म्हणून शिरेतून देतात ते इंजेक्शन) देणार असतील तर क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट, किडनी खूप कमजोर असेल तर कॉन्ट्रास्ट देण्याआधी विचार करावा लागतो
– पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतल्या नसेला लावलेली क्लिप, हाडातली प्लेट, काहीही असेल तर त्याचं कार्ड किंवा डिस्चार्ज पेपर

सेंटरवर फॉर्म भरायला देतात तो घाईत भरू नका. रेडिओलॉजिस्ट पेशंटला बहुतेक वेळा भेटत नाही, त्याला पेशंट कळतो तो त्या फॉर्मवरून. ‘वय ६४, चक्कर’ एवढंच दिलं तर तोही बिचारा ‘नॉन-स्पेसिफिक’ लिहून मोकळा होतो. तेच ‘वय ६४, दहा वर्षं बीपी, अंथरुणात कूस बदलली की चक्कर, हातापायात कमजोरी नाही’ असं दिलंत तर तो त्या दृष्टीने बघतो. मायग्रेन असेल, पूर्वी डोक्याला मार लागला असेल, टीबी झाला असेल, फिट आली असेल, कॅन्सरची ट्रीटमेंट झाली असेल, गरोदरपण किंवा नुकतीच डिलिव्हरी असेल तर न विसरता लिहा.

रेट विचारताना कॉन्ट्रास्ट, फिल्म आणि सीडी धरून किती ते विचारा, वेगळं लावतात बऱ्याच ठिकाणी. मेडिक्लेमचं पण ऐकून ठेवा, फक्त तपासणीसाठी ॲडमिट झालं तर बहुतेक पॉलिसीत क्लेम बसत नाही. मात्र नंतर त्याच आजारासाठी ॲडमिट व्हावं लागलं तर आधीच्या ठरावीक दिवसांचे टेस्टचे खर्च मिळू शकतात, म्हणून बिल आणि चिठ्ठी दोन्ही जपून ठेवा.

३. मशीनमध्ये

इथे एक्स-रेसारखं रेडिएशन नसतं, ती भीती काढून टाका. खरी काळजी लोहचुंबकाची, आणि तो चुंबक चोवीस तास चालू असतो, स्कॅन चालू नसतानाही. २०१८ साली मुंबईतल्याच एका हॉस्पिटलात पेशंटसोबतचा तरुण नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला, सिलिंडरसकट खेचला गेला आणि जीव गमावून बसला. म्हणून आत जाणाऱ्याने, सोबत थांबणाऱ्यानेसुद्धा, टेक्निशियन सांगेल ते सगळं काढायचं. आपल्याकडच्या बायकांच्या अंगावर पिना किती असतात ते मोजायला बसलं की कळतं, केसातल्या पिना, साडीच्या पिना, मंगळसूत्राला अडकवलेली सेफ्टी पिन. घट्ट झालेली जोडवी घरीच साबण लावून काढा, तिथे रांगेत बसून निघत नाहीत. जरीची साडी नको, साधा कॉटनचा गाऊन किंवा ड्रेस. कवळी, कानाचं मशीन, ताईत, खिशातलं कार्ड, मोबाईल, सगळं बाहेर.

आवाज खूप होतो, कानात बोळे किंवा हेडफोन देतात. डोकं हलवलं की इमेज धूसर येते आणि मग रिपोर्टात ‘मोशन आर्टिफॅक्ट’ येतं. बंद जागेची भीती वाटत असेल तर आधीच सांगा, हातात घंटीचा रबरी फुगा देतात तो दाबला की बाहेर कळतं.

४. रिपोर्टचा कागद कुठून वाचायचा

रिपोर्टला तीन भाग असतात. टेक्निकमध्ये कुठल्या सिक्वेन्स, म्हणजे इमेज काढायच्या कुठल्या सेटिंग केल्या, मशीनच्या चुंबकाची ताकद १.५ टेस्ला की ३ टेस्ला हे असतं. फाइंडिंग्समध्ये दिसलं ते सगळं. इम्प्रेशनमध्ये रेडिओलॉजिस्टला त्यातलं काय महत्त्वाचं वाटलं ते. बरेच लोक फाइंडिंग्समधली एकेक ओळ धरून गुगल करतात आणि तिथेच फसतात, कारण सायनसला सूज आहे इथपासून सगळं त्यात लिहायची पद्धत आहे. इम्प्रेशन आधी वाचा आणि मग त्याला आधार काय म्हणून वर जा.

नेहमी येणारे शब्द असे. हायपरइंटेन्स म्हणजे आजूबाजूच्या भागापेक्षा जास्त उजळ. फोकस म्हणजे एक ठिपका, फोकाय म्हणजे अनेक. डिस्क्रीट म्हणजे सुटेसुटे, कॉन्फ्लुअंट म्हणजे एकमेकांत मिसळलेले. पेरिव्हेंट्रिक्युलर म्हणजे मेंदूच्या आतल्या पाण्याच्या पोकळ्यांलगत, सबकॉर्टिकल म्हणजे वरच्या करड्या थराच्या लगेच खाली. ग्लायोसिस म्हणजे जुन्या इजेनंतरचा व्रण. लॅक्युनार इन्फार्क्ट म्हणजे बारीक नस बंद पडून झालेला छोटा स्ट्रोक, जो कधीकधी माणसाला कळतही नाही. आणि ‘क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस’ म्हणजे बारीक नसांमधून रक्तपुरवठा वर्षानुवर्षं थोडा थोडा कमी पडल्याच्या खुणा. आईच्या रिपोर्टात हेच होतं, पुढे ‘फाझेकास ग्रेड १’, म्हणजे डाग किती आहेत त्याची श्रेणी, ती सहाव्या मुद्द्यात सांगते.

५. कुठल्या सिक्वेन्सवर उजळ आहे ते बघा

माझ्या मते सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. एकच मेंदू, एकच स्लाइस, पण मशीन त्याच्या वेगवेगळ्या सेटिंगने इमेज काढतं आणि प्रत्येकात काळं-पांढरं वेगळं दिसतं.

टी-टू वर पाणी पांढरं दिसतं. मेंदूच्या आत आणि भोवती जे नैसर्गिक पाणी असतं, सीएसएफ, तेही पांढरंच. त्यामुळे पोकळीला लागून असलेला डाग त्या पांढऱ्यात हरवून जातो. फ्लेअर ही त्यावरची युक्ती, त्यात सीएसएफचा सिग्नल मुद्दाम दाबून काळा करतात आणि टिश्यूतलं जास्तीचं पाणी तेवढं पांढरं राहतं. न्यूरॉलॉजिस्टनी आम्हाला हे स्क्रीनवर दाखवलं. डावीकडे टी-टू, उजवीकडे फ्लेअर, दोन्हींवर तीच स्लाइस. डावीकडे मधल्या दोन पोकळ्या पांढऱ्याफटक, उजवीकडे त्याच पोकळ्या काळ्या आणि त्यांच्या टोकांना बारीक पांढरी कड, बाजूला चार-पाच ठिपके. मग त्यांनी एका ठिपक्यावर बाण नेला, जो टी-टू वर पांढरा होता पण फ्लेअरवर काळा. म्हणाले, हा डाग नाहीच, नसेभोवतीची नेहमीची जागा आहे, पाण्याने भरलेली. त्याला पेरिव्हॅस्क्युलर स्पेस किंवा व्हर्चो-रॉबिन स्पेस म्हणतात. बऱ्याच जणांच्या रिपोर्टात हे शब्द असतात, बहुतेक वेळा त्याचं काहीच करायचं नसतं.

टी-वन वर उलट, पाणी काळं दिसतं. इथे काही पांढरं दिसलं तर कारणं वेगळी असतात, चरबी, काही दिवस जुनं रक्त, प्रथिनं जास्त असलेलं पाणी, किंवा दिलेला कॉन्ट्रास्ट. पिट्यूटरी ग्रंथीचा मागचा भाग टी-वन वर उजळच असतो, तो तसाच असायला हवा.

डीडब्ल्यूआय म्हणजे डिफ्यूजन, आणि तिच्यासोबत एडीसी नावाचा नकाशा. नवीन स्ट्रोक डीडब्ल्यूआयवर पांढरा आणि त्याच जागी एडीसीवर काळा दिसतो, यालाच रिस्ट्रिक्टेड डिफ्यूजन म्हणतात. फक्त डीडब्ल्यूआयवर पांढरं आहे आणि एडीसीवर काळं नाही, तर बऱ्याचदा तो टी-टू चाच उजेड तिथे झिरपलेला असतो, त्याला टी-टू शाइन-थ्रू असं नाव आहे. त्यामुळे एका इमेजचा फोटो काढून ग्रुपवर टाकून ‘हे पांढरं काय आहे’ विचारण्यात काही अर्थ नाही, जोडीची दुसरी इमेज असल्याशिवाय कोणीच सांगू शकणार नाही. आणि उलटही लक्षात ठेवा, मेंदूच्या देठातला अगदी छोटा स्ट्रोक पहिल्या काही तासांत डीडब्ल्यूआयवर सुटूही शकतो, म्हणून त्रास ठळक असेल तर नॉर्मल रिपोर्ट बघून घरी बसून राहू नका.

एसडब्ल्यूआय ही आणखी एक सिक्वेन्स, तिच्यावर रक्ताच्या खुणा काळ्या दिसतात. पांढऱ्या डागांच्या रिपोर्टात ‘मायक्रोब्लीड्स’, म्हणजे बारीक रक्तस्रावाच्या खुणा, आलं असेल तर ते डॉक्टरना आवर्जून दाखवा, रक्त पातळ करायच्या गोळ्यांचा निर्णय घेताना ते बघतात.

कॉन्ट्रास्ट म्हणजे गॅडोलिनियमचं इंजेक्शन. ते दिल्यावर डाग उजळला तर तिथली नसेची भिंत गळतेय, म्हणजे चालू दाह, इन्फेक्शन किंवा गाठ यातलं काहीतरी असू शकतं. शांत जुने डाग सहसा उजळत नाहीत. पहिल्या एमआरआयला कॉन्ट्रास्ट दिला नाही आणि नंतर डॉक्टर ‘कॉन्ट्रास्टसकट करून आणा’ म्हणाले तर चिडू नका, डाग बघितल्यावरच तो प्रश्न उभा राहतो.

जाता जाता एक, भूल देऊन स्कॅन केला आणि पेशंटला भरपूर ऑक्सिजन चालू असेल तर फ्लेअरवर सीएसएफ काळं होण्याऐवजी उजळ दिसू शकतं. भूल दिली असेल तर रिपोर्ट बघणाऱ्या डॉक्टरना तेवढं सांगा.

६. डाग कुठे आहे आणि त्याचा आकार कसा आहे

फाझेकास नावाच्या न्यूरॉलॉजिस्टनी १९८७ साली ही मोजायची पद्धत मांडली, ती अजून वापरतात. ० म्हणजे काही नाही. १ म्हणजे सुटे बारीक ठिपके, पोकळ्यांच्या टोकाला टोपी किंवा पेन्सिलीची रेघ असावी इतकी कड. २ म्हणजे ठिपके एकमेकांत मिसळायला लागलेत. ३ म्हणजे मोठे सलग पट्टे. हॉलंडमधल्या रॉटरडॅममध्ये ६० ते ९० वयाच्या लोकांचे स्कॅन तपासले तेव्हा फक्त ५ टक्के लोकांमध्ये असे डाग अजिबात नव्हते. म्हणजे साठीनंतर थोडेफार ठिपके असणं हे अगदी कॉमन आहे. पण ग्रेड ३ ला ‘वयोमानाने’ म्हणून सोडून देऊ नका. त्यात स्ट्रोकचा, चालण्यात तोल जाण्याचा आणि विस्मरणाचा धोका वाढलेला असतो, आणि पन्नाशीच्या आत ग्रेड २-३ असेल तर कारण शोधायलाच लागतं.

मल्टिपल स्क्लेरोसिस, एमएस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू-मज्जारज्जूतल्या तंतूंच्या आवरणावरच हल्ला करते तो आजार, त्याचं नाव वाचून तरुण मुलं फार घाबरतात. त्यात डाग ठरावीक जागी येतात, पोकळ्यांना चिकटून काटकोनात उभे लांबट, करड्या थराला अगदी लागून, लहान मेंदूत किंवा देठात, आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत. त्याशिवाय सहसा त्रासही तसा लागतो, एका डोळ्याने काही दिवस धूसर दिसणं, एका बाजूला मुंग्या, कमजोरी, जी काही दिवस-आठवडे राहून कमी होते. नुसत्या एमआरआयवरून, लक्षणांशिवाय, हे निदान सहसा ठरवत नाहीत. तरुण वयात चार-पाच बारीक सबकॉर्टिकल ठिपके आणि सोबत जुनी अर्धशिशी, असं असेल तर मायग्रेन असलेल्यांमध्ये, त्यातही ऑरा (डोकं दुखण्याआधी डोळ्यांसमोर चमक वगैरे दिसणं) असलेल्यांमध्ये असे ठिपके जास्त सापडतात हे माहिती असू दे.

भारतात आणखी दोन गोष्टी कायम डोक्यात ठेवतात. फिट आली आणि कॉन्ट्रास्टवर कडीसारखा डाग उजळला तर न्यूरोसिस्टिसर्कोसिस, म्हणजे टेपवर्मची अंडी पोटात जाऊन त्याची अळी मेंदूत अडकणं, किंवा टीबीची गाठ. दोन्हींवर औषधं आहेत. शाकाहारी माणसालाही सिस्टिसर्कोसिस होऊ शकतो, अंडी न धुतलेल्या भाज्यांवरून आणि अस्वच्छ हातांवरून पोटात जातात, त्यामुळे ‘आमच्यात नाही होत’ म्हणू नका.

गरोदरपणात किंवा डिलिव्हरीनंतर बीपी एकदम वाढून डोकं दुखलं, दिसायला कमी झालं, फिट आली आणि मेंदूच्या मागच्या भागात दोन्हीकडे पांढरं दिसलं तर पीआरईएस नावाचा प्रकार असू शकतो. वेळेत बीपी आटोक्यात आणलं तर हे डाग बहुतेक वेळा जातात, पण हा इमर्जन्सीचा प्रकार आहे.

लहान मुलांचे रिपोर्ट या लेखावरून वाचू नका. साधारण दोन वर्षांपर्यंत मायलिन, म्हणजे मेंदूतल्या तंतूंवरचं आवरण, तयार होत असतं आणि त्यांचा मेंदू एमआरआयवर मोठ्यांपेक्षा वेगळाच दिसतो, मोठ्यांमध्ये डाग वाटेल ते बाळात नॉर्मल असू शकतं. लहान मुलांचा न्यूरॉलॉजिस्टच गाठा.

७. डाग आणि त्रास यांची जोडी लावायची घाई करू नका

आईला चक्कर येत होती, एमआरआयमध्ये डाग निघाले, आम्ही सगळ्यांनी धरून चाललो की चक्कर त्या डागांमुळेच. न्यूरॉलॉजिस्टनी फिल्म बाजूला ठेवली आणि आईला कॉटवर बसवलं. “काकू, मान अशी उजवीकडे वळवा, मी धरलंय, आता एकदम मागे झोपायचं, डोळे मिटायचे नाहीत.” ती आडवी झाली आणि दोन-तीन सेकंदांनी तिचे डोळे थरथरत एका बाजूला फिरायला लागले, तिने माझा हात घट्ट पकडला, आणि थोड्या वेळात ते आपोआप थांबलं. कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागातले कण जागचे हललेत, बीपीपीव्ही, असं निघालं. मग तिथेच मान क्रमाने फिरवून ते कण जागेवर नेले. डाग होते, पण चक्कर त्यांच्यामुळे नव्हती. डागांनी वेगळीच गोष्ट सांगितली, आईचं बीपी घरी मोजलं तर बरेच दिवस १६० च्या आसपास निघालं.

म्हणून डॉक्टरकडे जाताना रिपोर्टातले शब्द पाठ करून जाण्यापेक्षा त्रास नीट आठवून कागदावर लिहून न्या. कधी सुरू झाला, किती वेळ टिकतो, कशाने येतो, सोबत काय होतं.

८. डॉक्टरकडे

न्यूरॉलॉजिस्टकडे जा, हाडांच्या किंवा ओळखीच्या डॉक्टरकडून फोनवर मत घेऊन थांबू नका. इमेज न्या, नुसता रिपोर्ट नको. सेंटर सीडी देतं किंवा लिंक पाठवतं. लिंक काही दिवसांनी बंद पडू शकते, आणि सगळी सेंटर्स जुना डेटा कायम ठेवत नाहीत, म्हणून त्याच आठवड्यात पूर्ण फोल्डर कॉम्प्युटरवर आणि पेन ड्राइव्हवर घ्या. त्या फाइल डायकॉम प्रकारच्या असतात, घरी बघायच्या असतील तर मायक्रोडायकॉमसारखं फुकट सॉफ्टवेअर चालतं. बघा जरूर, पण बघून निदान करायला बसू नका, नॉर्मल मेंदूतही पांढरं बरंच असतं. पावसात रिक्षातून फिल्म नेताना मोठी प्लास्टिकची पिशवी लावा, भिजल्या की चिकटतात. वयस्कर पेशंट घेऊन ठाण्याहून वाशीला ट्रेनने जायचं असेल तर दुपारची अपॉइंटमेंट मागा, सकाळ-संध्याकाळ ट्रान्स-हार्बरला उभं राहायलाही जागा नसते.

हे प्रश्न विचारा: हे डाग माझ्या वयाला अपेक्षित आहेत का? माझा त्रास यांच्यामुळे आहे का? नवीन आहेत की जुने? कॉन्ट्रास्ट किंवा मज्जारज्जूचा एमआरआय लागेल का? परत स्कॅन करायचा का, केला तर कधी? कुठलं लक्षण दिसलं की लगेच यायचं?

पुढे बहुतेकांना बीपी, एचबीएवनसी, कोलेस्टेरॉल, बी-१२, थायरॉइड, ईसीजी, कधी मानेच्या नसांचं डॉप्लर अशा टेस्ट सांगतात. आपल्याकडे शुद्ध शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं खूप दिसतं, आणि ते फार कमी झालं तर मज्जारज्जूतही टी-टू वर उजळ पट्टा दिसू शकतो, चालताना तोल जातो, पायाला मुंग्या येतात. ही टेस्ट सोपी आहे, टाळू नका. पाठीतून पाणी काढायची टेस्ट सगळ्यांना लागत नाही, एमएस किंवा इन्फेक्शनची शंका असेल तर सांगतात, आणि सांगितली तर घाबरून नाही म्हणू नका.

डाग पुसून टाकतो म्हणून ब्रेन टॉनिक, काढा, ऑइल विकणारे भरपूर भेटतील. बारीक नसांमुळे झालेले जुने डाग पुसणारी गोळी नाहीये. स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन सुरू करू नका, आणि डॉक्टरने दिलेली असेल तर स्वतःच्या मनाने बंदही करू नका.

९. घरी काय करायचं आणि परत स्कॅन कधी

बारीक नसांचे डाग असतील तर सगळ्यात जास्त फरक बीपीने पडतो. अमेरिकेत स्प्रिंट नावाचा मोठा अभ्यास झाला, त्यातले एमआरआयचे निकाल २०१९ साली आले. वरचं बीपी १२० च्या खाली ठेवायचं टार्गेट असलेल्यांमध्ये हे डाग १४० चं टार्गेट असलेल्यांपेक्षा कमी वाढले. याचा अर्थ उद्यापासून आजीच्या गोळ्या डबल करा असा नाही, वयस्कर माणसाचं बीपी जास्त पाडलं तर ते उठताना पडतात. टार्गेट डॉक्टर ठरवतील, तुम्ही मोजून लिहा. दंडाचं मशीन घ्या, मनगटाचं नको. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीवर, दोनदा मोजून दोन्ही आकडे तारखेसकट वहीत. सिगरेट आणि तंबाखू-मिसरी बंद. शुगर आटोक्यात. झोपेत मोठ्याने घोरून श्वास अडकत असेल तर तेही डॉक्टरना सांगा, स्लीप ॲपनियाचा या डागांशी संबंध आढळतो. लोणचं, पापड, फरसाण यातलं मीठ मोजलं तर डोळे विस्फारतील, आमच्याकडे पापड जेवणातून गेला.

परत स्कॅन सांगितला तर शक्यतो त्याच सेंटरवर, त्याच मशीनवर करा. आधी १.५ टेस्लावर केला आणि आता ३ टेस्लावर केला तर बारीक ठिपके जास्त दिसू शकतात, आणि रिपोर्टातले ‘चार’चे ‘सात’ बघून लोक हबकतात. जुनी सीडी फॉर्मसोबत हातात द्या आणि ‘मागच्याशी तुलना करून लिहा’ असं स्पष्ट सांगा, ती दिली नाही तर रेडिओलॉजिस्ट तुलना करणार कशाशी. एमएस वगैरे असेल तर स्कॅन ठरावीक अंतराने होतात. आईसारख्या ग्रेड १ ला डॉक्टरनी परत स्कॅनची गरज नाही सांगितलं, नवीन काही लक्षण आलं तरच.

एक फाइल करा, त्यात सगळे रिपोर्ट तारखेने, सीडी, औषधांची चालू यादी, इम्प्लांटचं कार्ड, बीपीची वही. पहिल्या पानावर पेशंटचं वय, ब्लड ग्रुप, ॲलर्जी, आणि त्या चोवीस तास सीटी चालू असलेल्या हॉस्पिटलचा नंबर. फाइल कुठे आहे ते घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा, कामवाल्या मावशींनासुद्धा, कारण दिवसा बऱ्याचदा आईबाबांसोबत घरात त्याच असतात.